दारातला तरवड

तरवड तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. पावसाळा संपता संपता दख्खनच्या कुठल्याही कोरड्या मुलखातून एसटीनं जा, सांगोल्याकडून आटपाडीला, दहिवडीकडून म्हसवडला, नगरकडून बीडला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या माळावर कमरेएवढी, छातीएवढी झुडपं पिवळ्याधमक फुलांनी भरलेली दिसतात. तोच तो तरवड. इतका सगळीकडे असतो, की त्याचं नाव विचारावं असंसुद्धा कुणाला वाटत नाही.

ओळखायची खूण सांगते. पान चिंचेच्या पानासारखं, पण पर्णिका चिंचेपेक्षा मोठ्या, आठ ते बारा जोड्या. देठ जिथे फांदीला चिकटतो तिथे दोन बाजूंना दोन गोल, कानाच्या पाळीसारखी पानं. या कानांवरूनच शास्त्रज्ञांनी त्याला ऑरिक्युलाटा म्हटलं. लॅटिनमध्ये ऑरिक्युला म्हणजे छोटा कान. लिनियसनं १७५३ मध्ये त्याला कॅसिया कुळात घातलं होतं, आता तो सेना कुळात आहे. बहावा आणि टाकळा हे त्याचे भाऊबंद. शेंगा चपट्या, कागदासारख्या, वाळल्या की वाऱ्यावर खुळखुळतात. खोडाची साल गुळगुळीत, दालचिनीच्या रंगाची. या सालीबद्दल पुढे लिहायचं आहे.

माझ्या दारात फाटकाच्या डाव्या बाजूला आता तीन तरवड आहेत. फोनवर त्यांचा विषय निघाला की निम्मे नातेवाईक हसतात. नणंदबाई हसल्या नाहीत, त्या रागावल्या. "वहिनी, दादाचे गुलाब घालवले आणि त्यांच्या जागी रानातलं झुडूप लावलंत?" असं त्यांनी स्पष्ट विचारलं. वन्संना फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही. त्या हे वाचतात हे मला ठाऊक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यांना गुलाबांचं वेड होतं. बत्तीस झाडं होती. प्रत्येकाचं वेगळं आळं, प्रत्येकाची वेगळी वही म्हणा ना! छाटणी कधी केली, शेणखत कधी घातलं, पहिली कळी कधी आली, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. ते गेले २०१६ मध्ये. त्यानंतर दोन वर्षं मी ती झाडं त्यांच्या वहीप्रमाणे सांभाळली. मग २०१८ चा पाऊस दगा देऊन गेला आणि २०१९ चा उन्हाळा आला. माणदेशात राहणाऱ्यांना त्या उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको. गुरं चारा छावण्यांत होती. आमचं बोअर फेब्रुवारीतच आटलं. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं आणि आलं तरी तासभर.

मी गणिताची शिक्षिका नव्हते, मराठी आणि इतिहास शिकवायची. पण हा हिशेब मला मांडता आला. एका गुलाबाला उन्हाळ्यात एक दिवसाआड आठ लिटर पाणी. बत्तीस झाडांना २५६ लिटर. महिन्याचे पंधरा दिवस धरले तर ३,८४० लिटर. टंचाईच्या दिवसांत टँकरचं पाणी माणशी रोज वीस लिटर या हिशेबानं वाटतात. म्हणजे माझे गुलाब सहा माणसांचं महिनाभराचं पाणी पीत होते, आणि वर उरत होतं.

पैसे टाकले असते तर खासगी टँकर मिळाला असता. पेन्शन आहे, परवडलं असतं. मुलगी पुण्याहून म्हणाली सुद्धा, "आई, बाबांची झाडं आहेत, मी पैसे पाठवते." पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी बायका हंडे, घागरी, कॅन यांची रांग लावून पहाटेपासून बसायच्या. त्यांच्यात माझ्याकडे शिकलेल्या तिघी होत्या. त्यांच्यासमोरून टँकर आत घ्यायचा आणि गुलाबांच्या आळ्यात पाणी सोडायचं, हे माझ्यानं होईना. मी टँकर मागवला नाही. एप्रिलअखेर एकेक झाड वाळत गेलं. धुण्याच्या पाण्यावर जगेल एवढं एक ठेवलं, मोरीच्या तोंडाशी असलेलं गावठी गुलाबाचं. ते अजून आहे, वन्सं. बाकीचे गेले ते मी बघत असताना गेले, आणि ते सोपं नव्हतं. वही जपून ठेवली आहे.

असो.

त्या उन्हाळ्यात संध्याकाळी मी माळाकडे फिरायला जायची. सगळा माळ करपलेला. गवत नाही, बोरीला पान नाही. आणि तरवड मात्र हिरवा! पानं जरा मलूल, पण हिरवी. पाणी कुठून आणतो हा? तर खालून. त्याचं सोटमूळ मुरमातून, दगडाच्या फटीतून खोल जातं. पर्णिका लहान असल्यामुळे पाणी बेतानं उडतं. शेळीसुद्धा त्याला सहसा तोंड लावत नाही, म्हणून माळावर सगळं ओरबाडलं गेलं तरी तो शिल्लक राहतो. १९७२ च्या दुष्काळातही मी हेच पाहिलं होतं. तेव्हा मी वीस वर्षांची, बी.ए.ला होते. सुटीत गावी आले तर अर्धं गाव पाझर तलावाच्या कामावर. बायका डोक्यावर पाट्या घेऊन माती वाहत होत्या, घरोघरी बाहेरून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी होत्या. त्या मातीच्या ढिगाऱ्यांच्या कडेला तरवड फुललेला होता. लोक इतके दमलेले असत की त्या फुलांकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

तेव्हा ठरवलं, गुलाबांच्या जागी हा लावायचा.

गावातल्या नर्सरीत रोप मागितलं तर मालक हसला. "बाई, तरवड विकायला ठेवला तर लोक मला वेड्यात काढतील." आणि त्यानं मला टेकोमा दाखवला. तोही पिवळा, तोही काटक, पण मूळचा अमेरिकेचा. बोगनवेल दाखवली, तीही दक्षिण अमेरिकेची. आपल्याच मातीतलं फुकटचं झाड विकत मिळत नाही, याची मला गंमत वाटली. मग मीच जानेवारी २०२० मध्ये माळावरून वाळलेल्या शेंगा आणल्या. एका शेंगेत दहा-पंधरा बिया निघतात.

ज्यांना लावायचा आहे त्यांच्यासाठी कृती देते. बीचं कवच फार कठीण असतं. तसंच पेरलं तर कित्येक बिया मातीत नुसत्या पडून राहतात. माळावर ते शहाणपणाचंच आहे, सगळ्या एकदम उगवल्या आणि पावसानं पाठ फिरवली तर वंशच बुडायचा. घरी मात्र आपल्याला घाई असते. उकळी आलेलं पाणी गॅसवरून उतरवून त्यात बिया टाकायच्या आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी ज्या फुगल्या त्या पेरायच्या. न फुगलेल्या पॉलिश पेपरवर एका बाजूनं हलक्या हातानं घासून परत भिजवायच्या. मी पहिल्यांदा दहा बिया घेतल्या, सात उगवल्या.

पिशवीत रोप केलं तर लवकर जमिनीत हलवा. सोटमूळ एकदा पिशवीच्या तळाला जाऊन वळलं की झाडाचा जोर जातो. त्याहून चांगलं म्हणजे जूनअखेर, दोन-तीन चांगले पाऊस झाले की कायमच्या जागीच बी टोकायचं. मी तेच केलं. खड्ड्यात शेणखत घातलं नाही, नुसती तिथलीच माती आणि मुरूम. ऊन दिवसभराचं हवं आणि पाणी साचायला नको, या त्याच्या दोनच अटी. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक तांब्या पाणी दिलं. दुसऱ्या उन्हाळ्यापासून बंद. माझ्याकडे काम करणाऱ्या मावशींना राहवेना, त्या म्हणायच्या, "बाई, घालते की वाईच, सुकलंय बिचारं." मी म्हणायची, त्याला खाली जाऊ द्या. वर पाणी मिळालं तर मूळ खाली कशाला जाईल? शाळेतल्या पोरांच्या बाबतीत हाच नियम मी पस्तीस वर्षं पाळला, त्यांना उत्तर लगेच सांगितलं नाही.

२०२१ च्या पावसाळ्यात पहिली फुलं आली. आता झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. मुख्य बहर सरला की वर्षातून एकदा एक-तृतीयांश छाटते, नाहीतर पाय उघडे पडून झुडूप वरच्या वर वाढतं.

आता फुलांची गोष्ट. खुर्ची टाकून सकाळी त्यांच्याजवळ बसलं की एक आवाज येतो. मोठा काळा भुंगा फुलाला बिलगतो आणि एकदम सूर चढवतो, उडतानाच्या गुणगुणण्यापेक्षा वरच्या पट्टीत. मला वाटायचं तो रागावलाय! नंतर वाचलं. तरवडाच्या फुलात मध नसतो, असतात ते फक्त परागकण, आणि तेही पुंकेसरांच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रांच्या आत कोंडलेले. भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो, तेव्हा मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसे ते बाहेर पडतात. दहा पुंकेसर, पण सगळे सारखे नाहीत. वरचे तीन वांझ, खालचे तीन मोठे आणि वाकडे. फूल खुडून हातात घ्या आणि मोजा, मग या पिवळ्या रंगामागे किती आखणी आहे ते कळेल.

पानांवर हिरव्या अळ्या येतात. शेजारचा मुलगा फवारणीचा पंप घेऊन आला होता, मदत म्हणून. त्याला थांबवलं. त्या अळ्यांची पिवळसर पांढरी फुलपाखरं होतात, इंग्रजीत त्यांना एमिग्रंट म्हणतात. चार पानं खाल्ली जातात, पुन्हा फुटतात. आता तोच मुलगा कोष शोधून मला दाखवतो. पर्णिकांच्या जोड्यांमध्ये एकेक बारीक ग्रंथी असते, तिथे मुंग्यांची ये-जा असते. रात्री पर्णिका मिटतात आणि झुडूप निम्म्यानं बारीक झाल्यासारखं दिसतं. माझ्या वयाच्या माणसाला खुर्चीवर बसून एवढं पुरतं.

आमच्याकडे नवरात्रात घटावर रोज माळ चढते, ती तरवडाच्या फुलांची. आई आम्हा भावंडांना पहाटे माळावर पिटाळायची. सोलापुरातल्या माझ्या एका तेलुगू मैत्रिणीच्या घरी त्याच दिवसांत फुलांचा थर रचून बतुकम्मा करतात, त्यातही तरवड लागतो, तेलुगूत तंगेडू. २०१४ मध्ये तेलंगणा राज्य झालं आणि त्यांनी याच फुलाला राज्यफूल केलं. मैत्रिणीनं फोन करून ऐटीत सांगितलं होतं, "तुमच्या रस्त्याकडेचं फूल आमच्याकडे राज्याचं फूल झालं बघ!"

नऊ दिवस देवीला चालतं ते फूल दारात लावायचं म्हटलं तर मग लोक नाक का मुरडतात? याचं उत्तर त्या सालीत आहे.

तरवडाच्या सालीत टॅनिन भरपूर असतं. कातडं कमावायला पिढ्यानपिढ्या बाभळीची नाहीतर तरवडाची साल वापरली गेली. साल सोलायची, कुटायची, पाण्यात भिजवायची, त्या पाण्यात कातडी मुरवायची. कधी कातडंच शिवून त्याची पिशवी करायची, सालीच्या पाण्यानं भरून टांगायची. दिवसचे दिवस हे काम चाले. हे काम ढोर समाजानं केलं. त्या कातड्याच्या वहाणा झाल्या, पखाली झाल्या, आणि मोटा झाल्या. इंजिन आणि विजेचे पंप येईपर्यंत या मुलखातल्या विहिरींचं पाणी मोटेनं वर आलं. उसाला, मिरचीला, हळदीला त्याच मोटेचं पाणी. म्हणजे ज्या झुडपानं कधी कुणाकडे पाणी मागितलं नाही, त्याच्या सालीवर गावाचं पाणी चाललं होतं. आणि ज्यांच्या हातांनी मोटेचं कातडं कमावलं, त्यांना त्या विहिरीवर पाणी भरायची बंदी होती. मी इतिहास शिकवला, पण हे वाक्य आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. ते मी एका विद्यार्थ्याकडून शिकले.

१९८१ ची गोष्ट. सातवीत तो मागच्या बाकावर एकटा बसायचा. त्याच्याजवळ बसायला मुलं तयार नसत, म्हणत वास येतो. मी जागा बदलून त्याला पुढे आणला, मधल्या रांगेत, आणि वर्गाला सांगितलं की वर्षभर हीच बैठक राहील. एकदा गावातल्या झाडांची नावं विचारत होते. बाकीची मुलं आंबा, वड, पिंपळ यांवर थांबली. यानं तेवीस नावं सांगितली, आणि तरवड कुठल्या माळावर दाट आहे, त्याची साल केव्हा सोलायची तेही सांगितलं. त्याचे आजोबा मोटेची कातडी कमवायचे. त्या दिवशी वर्ग गप्प झाला होता.

पुढे तो शिकला, बँकेत लागला. पुढच्या वर्षी निवृत्त होईल. २०२३ मध्ये दिवाळीनंतर भेटायला आला. फाटकातच थांबला. "बाई, हे काय लावलंय तुम्ही दारात?"

"ओळखलंस ना?" मी म्हटलं.

तो हसला. मग जवळ गेला, एका फांदीवर हात ठेवला आणि बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "आमच्या वडलांच्या हाताचा रंग असा होता. साबणानं जात नव्हता. मी लग्नात त्यांना हात खिशात ठेवा म्हणालो होतो."

मी काही उत्तर दिलं नाही. अशा वेळी बोलू नये एवढं शिक्षकाला कळतं. चहा झाला. निघताना त्यानं शेंगा मागितल्या. त्याचा बंगला कोल्हापूरला आहे, तिथे पाऊस जास्त. मी म्हटलं, पाणी साचणार नाही अशी जागा बघ, उंचवट्यावर लाव. गेल्या वर्षी त्यानं फोटो पाठवला. झुडूप गुडघ्याएवढं आहे आणि शेजारी त्याचा नातू उभा आहे. खाली लिहिलं होतं, "याला सगळं सांगितलं, बाई." हे सगळं मी त्याला विचारून लिहिते आहे. नाव लिहू नका म्हणाला, म्हणून लिहिलं नाही.

तर वन्सं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे असं लांबलचक आहे. दादांचे गुलाब सुंदर होते आणि त्यांच्यावर दादांचा जीव होता, हे मला कुणी सांगायला नको. पण ते गुलाब रोज पाणी मागत होते आणि ते रोज द्यायला दादा होते. आता मी त्र्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात, बादली उचलवत नाही. मुलगी चार महिने पुण्याला नेऊन ठेवते तेव्हा घराला कुलूप असतं. जे माझ्या मागेही जगेल ते लावणं मला आता बरं वाटतं. आणि जो कमी मागतो त्याच्याकडे कुणी बघत नाही, ही आपली जुनी सवय आहे. झाडांच्या बाबतीतही, माणसांच्या बाबतीतही. निदान माझ्या फाटकापुरती ती सवय मोडावी असं वाटलं.

हो, एक राहिलं. शेजारणी फुलं मागायला येतात, कुणीतरी सांगितलेलं असतं की याचा चहा साखरेवर चालतो. मलाही मधुमेह आहे. मी डॉक्टरांच्या गोळ्याच घेते, आणि त्यांनाही तेच सांगते. फुलं मात्र देते, घटासाठी.

या वर्षीच्या शेंगा वाळवून डब्यात भरून ठेवल्या आहेत. नातलगांपैकी आणि स्नेह्यांपैकी कुणाला हव्या असतील त्यांनी मृगाच्या आधी सांगा. उन्हातली जागा आधी ठरवून ठेवा, आणि एक वर्ष सोडलं तर पाणी घालायचं नाही, एवढं मला कबूल करून मगच न्या.